अंड्यांवरचा लेप

खामसेन कोशिंबाच्या झाडावरून खाली उतरला तेव्हा त्याचा उजवा डोळा मिटलेला होता आणि तोंडातून एकही शिवी निघत नव्हती. त्यावरूनच ओनसीनं ओळखलं की जावयाला चांगलंच लागलंय. एरवी झाडावरच्या किड्याची झोंबणारी पिचकारी नुसती मनगटावर उडाली तरी तो सगळ्या नाखो गावाला ऐकू जाईल असा बोंबलायचा.

"पाणी, आई," तो म्हणाला. "डोळ्यात उडवलं मेल्यानं."

ओनसीनं मडकं उचललं. तो उकिडवा बसला, मान वर केली, आणि ती त्याच्या डोळ्यावर धार धरून राहिली. पाणी छातीवरून ओघळत होतं. छाती, दंड, बोटं, सगळीकडं जुन्या पिचकाऱ्यांचे डाग होते, हळद लावून अर्धवट धुतल्यासारखे. झाडाखाली त्याचा लांब बांबू आडवा पडला होता. बांबूच्या टोकाला बांधलेल्या पिशवीत किडे खरखरत होते. फार नव्हते.

ओनसीची लेक दावोन बाळाला कमरेवर घेऊन धावत आली. "तरी सांगत होते, मोटरसायकलचा चष्मा लाव म्हणून."

"चष्मा लावला की किडे दिसत नाहीत."

"आता दिसतील हो!" दावोन म्हणाली आणि रडायलाच लागली. आई रडतेय बघून बाळानंही सूर लावला.

त्या उन्हाळ्यात डोंगर रोज कुठं ना कुठं जळत होते. शेतं मोकळी करायला लावलेल्या आगींचा धूर खोऱ्यात येऊन बसायचा तो उठायचाच नाही. भर दुपारी सूर्य चंद्रासारखा दिसायचा, उघड्या डोळ्यांनी बघता येईल असा. कोंबडे गोंधळून भलत्या वेळी आरवायचे. सगळं खोरं झोपेत असल्यासारखं, आणि त्या झोपेत कोशिंबाची कोवळी पालवी तेवढी तांबडी, ओली, आत्ताच कुणी रंगवून गेल्यासारखी. त्या पालवीचा रस प्यायला किडे येत. तळी आटलेली, मासा मिळत नाही, भाताची पेरणी लांब, अशा दिवसांत नाखोतली घरं ह्या किड्यांवरच निभावत. भाजून मिरचीबरोबर कुटले की चिकट भाताची टोपली कधी संपली ते कळायचं नाही. उरलेले केळीच्या पानात बांधून सडकेवर विकायला न्यायचे.

पूर्वी डोंगरावर कोशिंबाचं सबंध बन होतं. गेल्या वर्षी साबुदाण्याचा कंद लावण्यासाठी ते तोडलं. आता गावात कुठं एखादं झाड उरलं होतं. एक ओनसीच्या घरामागं होतं, आणि त्यावर चढणाऱ्याचा डोळा असा जायबंदी झाला होता.

दवाखान्यात पट्टी बांधली, डोळा राहील म्हणाले, पण पाऊस पडेपर्यंत झाडावर चढायचं नाही. खामसेन उंच खांबांवरच्या घराखाली, सावलीत टोपल्या विणत बसला. एका डोळ्यानं विणलेली टोपली एका अंगाला झुकायची.

"ही काय, दारूड्यासाठी विणलीस?" ओनसीनं विचारलं.

"तुमच्यासाठीच, आई. पान खाऊन तुम्ही पण अशाच एका अंगाला चालता."

ओनसी हसली. जावई घरात राहायला आल्यापासून घरात हसू होतं, ते त्याच्यामुळंच. लेक मात्र लहानपणापासून गंभीर. दोन वर्षं नदीपलीकडं कपड्यांच्या कारखान्यात राहून आली आणि आणखीच गंभीर झाली. तिच्या हातून आता कसलाही धागा लोंबत राहत नसे.

"आई, आपण किडे पाळू या," दावोन एके दिवशी म्हणाली.

"किडे काय पाळायचे असतात?"

"पलीकडं लोक रातकिडे पाळतात. मी बघितलंय. स्वच्छता ठेवली की झालं."

"रातकिडा मूर्ख असतो," ओनसी म्हणाली. "त्याला कुठंही ठेव, खातो नि ओरडतो. हा किडा मानी आहे."

पण दावोननं मनावर घेतलं होतं. पिशवीतले किडे तिनं भाजू दिले नाहीत. अंगणाच्या कडेला कोशिंबाची डोक्याइतक्या उंचीची रोपटी होती. त्यांवर तिनं मच्छरदाण्या बांधल्या, बुंध्याशी सुतळीनं आवळल्या, आणि किडे आत सोडले. ते पालवीवर चढले, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून दिवसचे दिवस तसेच जोडलेले राहिले.

"निर्लज्ज आहेत," खामसेन पट्टीआडून म्हणाला.

त्याच आठवड्यात भाताची गोष्ट घडली. बाळ, नोय तिचं नाव, खाऊ मागायच्या वयाची झाली होती. दुसऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची, आपणही ओठ हलवायची. ओनसीनं नेहमीसारखा चिकट भाताचा घास तोंडात घेतला, चावून चावून लापशीसारखा मऊ केला, बोटावर काढला आणि नोयच्या तोंडाशी नेला. दावोनला असंच वाढवलं होतं. दावोनच्या दोन्ही भावांनाही. नोयनं तोंड उघडलं.

"आई! नको!"

दावोननं बोटच धरलं. मग हळू आवाजात, दुसरीकडं बघत म्हणाली, "नर्सबाईंनी सांगितलंय. मोठ्यांच्या तोंडातले जंतू बाळाच्या पोटात जातात."

"तुझ्या पोटात गेले होते की. मेलीस का?"

"आई, तुझे दात बघ तरी."

ओनसीनं बोट पुसलं. दात तिला माहीत होते. सुपारीनं काळे झालेले, मागचे दोन किडलेले. लसीच्या दिवशी त्या नर्सबाईनं सगळ्या बायकांसमोर तिचं तोंड उघडायला लावलं होतं आणि काडीनं दाखवलं होतं: हे बघा. ओनसीनं तोंड उघडून धरलं होतं, बाजारात म्हशीनं धरावं तसं. त्यानंतर ती त्या बाईसमोर ओठ मिटून हसायला शिकली.

दावोन तांदळाची पेज करायची, वाटी उकळत्या पाण्यात बुडवायची, चमचा बुडवायची. ओनसी मनातल्या मनात म्हणत होती, खाणार नाही बघ ही पोर. पण नोयनं खाल्ली. चमच्यावर झडपच घातली, हनुवटीवरून पेज गळेपर्यंत खाल्ली आणि वाटीवर हात मारून आणखी मागितली. पोर गुटगुटीत होत गेली. ओनसीला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, त्या बरं वाटण्याच्या तळाशी काहीतरी दुखत राहिलं. ती पाळणा हलवायची, बाळ खेळवायची. पण भरवायच्या वेळी तिला उगीचच विहिरीवर काम निघायचं.

मच्छरदाण्यांत माद्यांनी अंडी घातली. पानांच्या पाठीवर, राजगिऱ्यापेक्षा थोडी मोठी, फिकट हिरवी, ओळीत चिकटवलेली. प्रत्येक मादी अंडी घालून झाल्यावर त्यांच्यावर शेपूट घासत फिरायची आणि तपकिरी, चिकट असं काहीतरी फासून ठेवायची.

"शी," दावोन म्हणाली. "अंड्यांवर हगते की काय ही?"

पहिल्या घोसाला धुरकट, दमट हवेत बुरशी आली. पांढरा कापूस चढला आणि अंडी काळी पडली. दुसऱ्या दिवशी दावोननं बाकीची सगळी पानं कात्रीनं कापून आणली, कोमट पाण्यात थोडा चुना कालवला, आणि रंगवायचा मऊ कुंचला घेऊन एकेक अंडं धुवायला बसली. तपकिरी लेप निघून जायचा आणि खाली मोत्यासारखं अंडं चकाकायचं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. ओनसी नोयला मांडीवर घेऊन बघत होती. लेक इतकी सुंदर दिसत होती त्या कामात, की काही बोलवेना. धुतलेल्या अंड्यांची पानं तिनं पुन्हा मच्छरदाण्यांत रोपट्यांना बांधली, ताज्या पालवीला चिकटून.

अंडी लालसर झाली आणि एकेका पानावर फुटत गेली. एकही वाया गेलं नाही. लाल, गोल, कुंकवाच्या थेंबासारखी पिल्लं बाहेर आली. दावोननं खामसेनला हात धरून ओढत आणलं. "बघ! सगळी!"

"एका डोळ्यानं अर्धीच दिसतायत," तो म्हणाला, पण त्याचा आवाज ओला होता.

आणि मग ती पिल्लं चालायला लागली.

ओनसीला आधी त्यात काही वाटलं नाही. रोपट्यांशेजारी बांबूची बाज टाकून ती दुपारी पडायची, एका पायाच्या अंगठ्यानं पाळण्याची दोरी ओढायची, आणि धुरकट उजेडात मच्छरदाणीकडं बघत राहायची. पिल्लं पानावरून खाली उतरायची, खोडावरून जाळीवर, जाळीच्या शिवणीवरून वर, वरून पुन्हा खाली. कोवळी तांबडी पालवी त्यांच्या पायांखालून जायची. ती थांबायची नाहीत. जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी, रडत नाहीत एवढंच. पाळणा कुरकुरायचा, डोळा लागायचा, जाग यायची. ती चालतच असायची. स्वप्नातही ओनसीला ती दिसायची, डोंगरावरच्या तुटलेल्या बनात बुंध्याबुंध्यांवरून चालताना.

मग ती जाळीच्या तळाशी पडायला लागली. हलकी, पोकळ, वाऱ्यानं सरकणारी.

"खाणं तर समोर आहे," दावोन म्हणत होती. "समोर आहे आई, खात का नाहीत?" तिनं पालवी बदलली. पाणी शिंपडलं. जाळी धुतली. तिच्या बोटांवरही आता पिवळे डाग पडले होते. घराखाली खामसेन विणत नव्हता, नुसता बांबू तासत बसला होता.

त्याच दुपारी ओनसीला दुसरं दिसलं. मच्छरदाणीच्या अगदी वर, गाठीजवळच्या घडीत कुठल्याशा मादीनं अंडी घातली होती, कुणाच्याही नजरेला न पडलेली. तीही फुटली होती. पण त्यांतली पिल्लं कुठं गेली नव्हती. रिकाम्या टरफलांवर डोकी खाली घालून, एकमेकांना खेटून वर्तुळात बसली होती आणि सुईसारखी बारीक सोंड त्या तपकिरी लेपात खुपसून होती. दूध पितात तशी.

ओनसी उठून बसली. मग पुन्हा आडवी झाली.

सांगितलं तर लेक म्हणेल, आई टोमणा मारतेय. आणि खरं म्हणजे टोमणा तिच्या जिभेवर आलाच होता, पानाच्या पिंकेसारखा, नुसता थुंकायचा बाकी. *धुवा अजून. सगळं धुवा.* ती पाळण्याची दोरी ओढत राहिली. संध्याकाळ झाली, वाफाळत्या भाताचा वास आला, ती जेवली, आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वरची पिल्लं टरफलांवरून उतरून सगळी मिळून एकाच कोंबावर गेली आणि प्यायला लागली. खालची चालत होती, पडत होती.

तेव्हा मात्र तिला राहवेना. तिनं टोमणा गिळला आणि हाक मारली. "दावोन, इकडं ये. वर बघ, गाठीपाशी."

दावोननं बघितलं. बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"तुला कधी दिसलं हे?"

"काल."

"काल! आणि गप्प बसलीस? काल सांगितलं असतंस तर..." ती आईकडं वळली. "बरं वाटलं ना तुला? पोरीची जिरली म्हणून?"

"थोडं वाटलं," ओनसी म्हणाली.

दावोन गुडघ्यांत डोकं घालून बसली. खामसेननं घराखालून बघितलं आणि पुन्हा तासायला लागला. आई-लेकीच्या मधे पडू नये एवढी अक्कल त्याला होती.

दुपारी दावोन टेकडीवर गेली, जिथं फोन लागतो तिथं. कारखान्यातल्या तिच्या मैत्रिणीची बहीण शहराच्या कॉलेजात किड्यांवरच शिकत होती. परत आली ती हळूहळू, विचार करत, ओनसीच्या बाजेवर टेकली आणि आपल्याशीच बोलल्यासारखं सांगायला लागली. त्या लेपात आईच्या पोटातले जंतू असतात. पिल्लू पोट रिकामं घेऊन जन्मतं. पहिल्यांदा लेप चोखायचा, मग पोटात जंतूंची वस्ती बसते, मग झाडाचा रस अंगी लागतो. लेप नाही मिळाला तर पिल्लू काहीच खात नाही, लेप शोधत फिरतं.

"म्हणजे भूक लागलेली नसते?"

"लागलेली असते. पण आधी ते हवं असतं."

ओनसीनं विचार केला. "दारूच्या वडीसारखं," ती म्हणाली. तांदूळ आंबवून दारू करायच्या नव्या वड्या थापल्या की जुन्या वडीचा भुगा त्यांच्यावर भुरभुरावा लागतो, नाहीतर तांदूळ नुसता नासतो. तिच्या आईनं तिला जुनी वडी दिली होती, आईला तिच्या आईनं. "पण त्या मुक्या मादीला हे शिकवलं कुणी? घासून ठेवायचं ते?"

"मीपण तेच विचारलं. ती म्हणाली, कुणी शिकवत नाही. ज्या माद्या ठेवत नव्हत्या त्यांची पोरं मेली. ठेवणाऱ्यांच्याच लेकी उरल्या. लाखो वर्षं." दावोननं आपल्या पिवळ्या बोटांकडं बघितलं. "आणि मी ते एका सकाळी चुन्यानं धुवून टाकलं."

मग तिनं आईकडं पाहिलं आणि घाईनं म्हणाली, "पण माणसाचं तसं नसतं हं आई. नोयला पेजच."

"मी काही म्हणाले का?"

शेवटची धुतलेली अंडी आदल्या दिवशीच फुटली होती. ती पिल्लं अजून जोरात चालत होती. दुसऱ्या कुणाच्या अंड्यांचा लेप आणून त्यांच्यापुढं ठेवला तर? शहरातली मुलगी म्हणाली होती, करून बघा, सांगता येत नाही. पण वरच्या घडीतला लेप तिथल्या पिल्लांनी चोखून संपवला होता, आणि घरामागच्या झाडावरचे किडे खामसेननं आधीच उतरवले होते. गावात अंडी लागलेलं बुटकं कोशिंब एकच होतं, लातसमीच्या परसात.

लातसमीचं नाव निघालं तशी दावोननं आईकडं पाहिलं. डोंगरावरच्या बनातला मोठा वाटा लातसमीच्या नवऱ्यानं विकला होता. विहारात, भिक्खूंना भात वाढायच्या रांगेत, सगळ्यांसमोर ओनसी तिला म्हणाली होती, "ज्या झाडानं जेवू घातलं ते विकून आता कुठल्या पुण्याचा भात वाढतेस?" तेव्हापासून दोघी एकमेकींच्या सावलीवरूनही जात नव्हत्या.

"मी जाते," दावोन म्हणाली.

"तू कशाला? तोंड मी वाजवलं होतं."

लातसमी परसात मिरच्या वाळत घालत होती. तिनं वर बघितलं नाही. ओनसी कुंपणाशी उभी राहिली. ऊन नव्हतं, नुसता धुराचा पिवळा उजेड होता, आणि त्यात मिरच्या इतक्या लाल दिसत होत्या की नजर ठरेना.

"काय हवंय?" लातसमीनं मिरच्यांनाच विचारलं.

ओनसीनं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. अंडी, लेप, पोट, जंतू. लातसमीचा हात थांबला.

"थांब. म्हणजे वर्षभरानं तू माझ्या दारात आलीस ती किड्याचा शेंबूड मागायला?"

"हो."

"मग सरळ माग की."

"लातसमी," ओनसी म्हणाली, "किड्याचा शेंबूड दे गं बाई."

लातसमी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पानाचा लाल रस हनुवटीवर आला, तो तिनं मनगटानं पुसला. मग आत जाऊन विळी घेऊन आली. दोघी झाडाशी गेल्या. ओनसी फांदी वाकवून धरायची, लातसमी पान कापायची, नुकती फुटलेली टरफलं असलेलं, लेप सुकला नाही असं. एका किड्यानं ओनसीच्या गळ्यावर पिचकारी मारली, निखारा टेकवल्यासारखं झालं. लातसमीनं आपल्या ओच्यानं ते पुसून घेतलं.

"बन त्यानं विकलं," ती पान कापता कापता म्हणाली. "विकल्यावर मला कळलं. पण गावातल्या बायका मला विचारतात. त्याला कुणी काही म्हणत नाही. त्याच्याबरोबर बसून पितात."

ओनसीनं दुसरी फांदी वाकवली. "माझी चूक झाली," ती म्हणाली.

"झालीच. ही वरची पण घे, ही चांगली ओली आहे."

पानं घेऊन दोघी मिळूनच आल्या. दावोननं ती मच्छरदाणीत रोपट्याला बांधली आणि कोंबडीचं पीस घेऊन चालणारी पिल्लं एकेक करून उचलली, परक्या टरफलांवर ठेवली. पिल्लं उतरून चालू लागायची. ती पुन्हा ठेवायची. तिची पाठ ओल्या फडक्यासारखी वाकली होती. खामसेन मागं उभा राहून तिच्या डोक्यावर टोपली धरून होता, उन्हासाठी, खरं तर ऊन नव्हतंच.

"अगं बस की गं बाई," लातसमी एका पिल्लाला म्हणाली. "दुसऱ्याच्या आईचं असलं म्हणून काय झालं?"

एक थांबलं. गोल फिरलं. आपल्या पुढच्या पायांनी टरफल चाचपलं, सोंड खाली केली आणि हललंच नाही. मग त्याला खेटून दुसरं येऊन बसलं.

सगळी बसली नाहीत. निम्म्याहून जास्त चालून चालून मेलीच. पण जी बसली ती दोन दिवसांनी एका कोंबावर गेली, आणि आठवड्यानं फुगून निळसर दिसायला लागली. वरच्या घडीतली होती ती त्यांच्यात मिसळली. मग कोणती धुतलेली आणि कोणती न धुतलेली ते दावोनलाही सांगता येईना. त्या वर्षी दोन्ही घरांनी किडे ना खाल्ले ना विकले. कोरड्या भाताबरोबर मीठ-मिरची खाल्ली, खामसेनच्या वाकड्या टोपल्या लातसमीनं सडकेवर बसून विकल्या. गिऱ्हाईकाला सांगायची, ह्या मुद्दाम तशा आहेत, भात ओतायला सोप्या. जी जगतील ती सगळी मोठी होऊ द्यायची, दोन्ही परसांतल्या झाडांवर सोडायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात बघायचं, असं ठरलं.

एका दुपारी धूर थोडा विरळ झाला. ओनसी बाजेवर पाय पसरून बसली होती. नोय पाळण्यात झोपली होती. दावोन मच्छरदाणीची सुतळी तपासून आली, हात धुतले, आणि बाजेच्या कडेला बसली. बसल्या बसल्या कलंडली. तिचं डोकं ओनसीच्या मांडीवर आलं.

"जरा पडते," ती म्हणाली. "मग उठव."

तिच्या केसांना कोशिंबाच्या किड्यांचा उग्र वास येत होता. ओनसीनं कपाळावरची बट मागं सारली. लेकीचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. ओठ मधूनच हलायचे. लहानपणी झोपेत हलायचे तसेच.

ओनसीच्या पायाला मुंग्या आल्या. मग पाय पार बधिर झाला. तिनं तो हलवला नाही.

खामसेन शेताला बांध घालून आला, खांबाला फावडं टेकवलं आणि म्हणाला, "आई, भूक लागली."

ओनसीनं ओठांवर बोट ठेवलं. "टोपलीत भात आहे," ती कुजबुजली. "तूच घे वाढून."